गळ्यावरची सूज, सकाळची गोळी आणि वजनाचा काटा

प्रश्न : वय ३९. गळ्याच्या पुढच्या बाजूला सूज आहे, घोट गिळताना ती वरखाली होते. रक्तातलं टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) २.८. सोनोग्राफीत दोन्हीकडे गाठी दिसल्या. सर्वांत मोठी १६ मिलिमीटर, तिच्यापुढे ‘टायरॅड्स ३’ लिहिलंय. वर्षभरात वजन पाच किलो वाढलं. जाऊ थायरॉइडची गोळी घेते. मीही घेतली तर सूज आणि वजन दोन्ही उतरेल का? घरात आगरवाडोच्या मिठागरातलं जाडं मीठ असतं.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : गोळी घेऊ नका, जावेच्या बाटलीतली तर नकोच. सूज म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा आकार, टीएसएच दाखवतं ते तिचं काम; ग्रंथी मंदावली की हा आकडा चढतो, तुमचा ठीक आहे. तुमची ग्रंथी वाढली आहे, पण काम चोख करते आहे. त्यामुळे पाच किलोंचा दोष तिच्या माथी मारता येत नाही. पूर्वी अशी सूज उतरवायला गोळ्या देऊन टीएसएच मुद्दाम खाली दाबत. सूज फारशी हटत नसे. हृदयाचे ठोके बिघडत आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं मात्र ठिसूळ होत. म्हणून ती रीत मागे पडली.

टायरॅड्स ३ म्हणजे कर्करोगाचा संशय कमी. या वर्गातल्या गाठीत सुई घालून तपासणी साधारण २५ मिलिमीटरपासून करतात; १६ ची गाठ वर्षाने पुन्हा सोनोग्राफीत मोजायची. दोन्ही रिपोर्ट एकाच फायलीत ठेवा, नाहीतर तुलना करणार कशाशी? मात्र आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, घास अडकू लागला, आडवं पडल्यावर श्वास कोंडला किंवा गाठ भराभर वाढली, तर वर्षभर थांबू नका.

आता मीठ. समुद्राचं पाणी आटवून केलं म्हणजे त्यात आयोडीन असणारच, हा समज आपल्या किनाऱ्यावर पक्का आहे. तो चुकीचा आहे. मिठागरातल्या मिठात ते नावापुरतंच उरतं. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं. आयोडीनयुक्त मीठ घरी येतं तेव्हा त्यात ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असायला हवं. बांगडा-सुंगटांतून आणखी थोडं मिळतं. तेव्हा आगरातलं मीठ तोरं (कच्चे आंबे) खारवायला ठेवा, रोजच्या हुमणात (माशांच्या आमटीत) आयोडीनचं घाला आणि डबा घट्ट लावा, कारण पावसात मिठाला पाणी सुटलं की आयोडीन घटतं. आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्री शेवाळाची पूड मात्र नको. गाठी असलेल्या ग्रंथीला एकदम जास्त आयोडीन मिळालं, तर ती भलतीच जोरात काम करू लागते.

प्रश्न : थायरॉइड मंदावल्याने ७५ मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिन (थायरॉइडचं संप्रेरक) गोळी चार महिने चालू आहे. टीएसएच १८ वरून ९ वर आलं आणि तिथंच अडलं. वजन एक किलोनंही हललं नाही. सकाळी चहा, गोळी, मग कॅल्शियम, असा क्रम आहे.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : क्रमच चुकला आहे. दुधाचा चहा गोळीचं शोषण कमी करतो; कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर तिला आतड्यातच बांधून ठेवतात. उठल्यावर आधी गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-पाव पाऊण तासाने. कॅल्शियम निदान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर घ्या. सकाळ धावपळीची असेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेतली तरी चालते, पण मग वेळ रोज तीच ठेवा. गोळ्या मूळ बाटलीतच राहू द्या. चुलीजवळची फळी किंवा न्हाणीघरातलं कपाट ही जागा नव्हे, दमट हवेने औषधाचा जोर उतरतो.

हे जमवून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, त्याआधी नको. थायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, त्यामुळे घाईतला आकडा फसवतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा. त्याने रिपोर्ट खोटा येतो. तरीही टीएसएच चढंच राहिलं, तर डोस डॉक्टर वाढवतील.

वजनाबद्दल स्पष्टच सांगतो. थायरॉइड मंदावल्याने चढणारं वजन बहुधा दोन ते चार किलो असतं, आणि त्यात बराचसा भाग अंगात साठलेल्या मीठपाण्याचा. आकडा जागेवर आल्यावर तेवढं उतरेल. वरचं वजन शीत (भात) आणि चालणं यांच्या हिशेबातलं आहे. ते उतरवायला डोस स्वतःहून वाढवाल, तर छातीत धडधड सुरू होईल.

प्रश्न : यजमानांचा थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतो, तो आवरणारी कार्बिमाझोलची गोळी तीन महिने चालू आहे. सहा किलो वजन चढलं, म्हणून ते गोळी सोडायचं म्हणतात.
— एक वाचक, काणकोण

उत्तर : आजारात आठ-दहा किलो गेले असतील, तर हे बहुतेक तेच परत आलेत. जुनी भूक मात्र अजून तशीच असते, म्हणून भात आत्ताच थोडा कमी करा. ग्रेव्हजचा आजार (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला जास्त पळवते तो) असेल तर औषध साधारण १२ ते १८ महिने चालतं. मध्येच सोडलं की दुखणं बहुधा उलटतं. ताप येऊन घसा दुखला, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या. क्वचित या औषधाने त्या धोकादायक पातळीपर्यंत घसरतात, आणि तेव्हा ‘पावसाळी घसा’ म्हणून घरी काढा पीत बसणं जिवावर बेतू शकतं.