नायटा परत परत का येतो?

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. औषध मारताना मिस्टर अंगभर रेनकोट घालतात, आत घामाने निथळतात. त्यांना जांघेत नायटा झालाय. मेडिकलमधली ट्यूब लावली की चार दिवसांत खाज जाते, ट्यूब संपली की दुप्पट येते. आता माझ्याही कमरेवर चट्टा आलाय. सासूबाई म्हणतात, रक्त बिघडलंय, काढा घ्या. घ्यावा का?

उत्तर : ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण यात रक्ताचा दोष नाही. काटा नुसता वरवर ओरखडला तर पांढरी रेघ उठते, रक्त येत नाही ना? कारण वरच्या थरात, म्हणजे बाह्यत्वचेत, रक्तवाहिन्याच नसतात. त्या खालच्या अंतस्त्वचेत. नायट्याची बुरशी राहते ती बाह्यत्वचेच्याही अगदी वर, मेलेल्या पेशींच्या पापुद्र्यात. तिथलं केराटिन, म्हणजे कातडी-नखांतलं टणक प्रथिन, हे तिचं खाणं. त्यात घाम आणि घट्ट कपडा मिळाला की तिची चंगळ.

मग ट्यूबने खाज कशी जाते? माझ्या नाशिकच्या दवाखान्यात पेशंट टेबलावर पिशवी उलटी करतात, तेव्हा ट्यूबांवर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल नाहीतर बेटामेथासोन सापडतं. हे स्टिरॉइड. ते बुरशी मारत नाही, बुरशीशी भांडणाऱ्या त्वचेलाच गप्प बसवतं. खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरते. जांघेतली कातडी पातळ, तिथे ते जास्त मुरतं. महिनोन्महिने लावलं तर बाळंतपणात पोटावर पडतात तसे पट्टे मांड्यांवर पडतात. त्यांचा रंग फिकटतो, पट्टे राहतात. विशी-पंचविशीतल्या मुलांच्या मांड्यांवर ते दिसले की मला राग येतो, खोटं कशाला बोलू.

ती ट्यूब बंद करा. काही दिवस खाज उसळेल, तेव्हा पुन्हा तिच्याकडे वळू नका. तुम्हा दोघांचे उपचार एकदमच व्हायला हवेत, नाहीतर एकाचं दुसऱ्याला चालूच राहील. बुरशीचं साधं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं लावायचं, चट्टा गेल्यावरही दोन आठवडे. इतकं जुनं दुखणं बहुधा गोळ्यांशिवाय हटत नाही. त्या तपासूनच देता येतील. टॉवेल वेगळे ठेवा, आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवा. रेनकोट मात्र सोडू नका, फवारणीपासून तोच वाचवतो. तो उतरवला की लगेच आंघोळ आणि जांघा कोरड्या.

येताना त्या ट्यूबा घेऊन या, रिकाम्यासुद्धा.