वाचकांचे प्रश्न : टबातली मादी निमूट का?

प्रश्न : तळ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लांब पायांच्या किड्यांची (वॉटर स्ट्रायडर) मादी पाठीवर चढलेल्या नराला उड्या मारून झटकते. तेच दहा-बारा किडे टबात ठेवले, तर माद्या निमूट नराला घेऊन फिरतात. तिथे त्यांना नर पसंत पडतात का?

उत्तर : पसंतीचा इथे फारसा संबंध नाही. टबात नर जास्त झाले असणार.

वॉटर स्ट्रायडरच्या जेरिस या वंशात यावर भरपूर काम झालंय. एका समागमातले शुक्राणू मादीला बऱ्याच अंड्यांना पुरतात. पुढचा प्रत्येक नर म्हणजे नुसतं ओझं : वेग मंदावतो, खाणं कमी होतं आणि पाण्याखालून येणाऱ्या शिकाऱ्याच्या तावडीत आधी तीच सापडते. म्हणून ती कोलांट्या मारते, पाय झाडते. पण झटापटीलाही ताकद लागते. एकाला झटकलं की लगेच दुसरा चढत असेल, तर एकाला पाठीवर राहू देणंच स्वस्त पडतं.

जेरिस इनकॉग्निटस जातीच्या मादीच्या पोटाच्या टोकाला दोन काटे असतात. नराला तिथेच पकड घ्यायची असते. अर्नक्विस्ट आणि रो या संशोधकांनी १९९५मध्ये हे काटे कृत्रिमरीत्या लांब केले, तेव्हा त्या माद्यांचे समागम घटले. नराची पकड बळकट, तर मादीचा बचावही बळकट, हे त्यांना २००२मध्ये १५ जातींच्या तुलनेत दिसलं.

कोरियातल्या जेरिस ग्रॅसिलिकॉर्निसची गोष्ट मात्र अगदी वेगळी. मादीचं जननांग झाकलेलं असतं, त्यामुळे जबरदस्ती चालत नाही. मग नर पाठीवर बसून पायांनी पाण्यावर तरंग उठवतो. उताणा पोहणारा शिकारी किडा नोटोनेक्टा त्या तरंगांकडे येतो आणि खाली असलेल्या मादीलाच जास्त धोका होतो. ती तयार होईपर्यंत नर तरंग उठवणं थांबवत नाही. निव्वळ धाकदपटशा!

नर वाढले की मादी निमूट होते, हे पडताळून बघायचं तर पसरट टब घ्या. साबणाचा अंश राहिला तर पृष्ठताण घटून किडे भिजतात, बुडतात. म्हणून टब नुसत्या पाण्याने खळखळून धुवा. बसायला थर्माकोलचा तुकडा, वरून जाळी, खायला मेलेल्या मुंग्या. किडे पायाला धरून उचलू नका, पाय तुटतो. चहाच्या गाळणीने उचला. आधी एक मादी (सहसा मोठी) आणि एकच नर ठेवा, मग नर चार करा. दोन्ही वेळा नर चढल्यापासून झटकला जाईपर्यंतचे सेकंद मोजा.