स्टेडियमला कराचा पैसा: अहवाल नव्हे, भाडेकरार वाचा

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत संघमालक नव्या अरेनासाठी (छताखालच्या स्टेडियमसाठी) सरकारी पैसा मागतायत, नाहीतर शहर सोडू म्हणतायत; रोजगार वाढून पैसा वसूल होईल असा अहवालही आलाय; तर मतदानात बाजूने जावं की विरोधात?

अहवालावर फार वेळ घालवू नका. असे अहवाल सहसा पैसा मागणाऱ्यांनीच करवून घेतलेले असतात. सामन्याला गेलेलं कुटुंब तिकीट, पार्किंग आणि खाण्यापिण्यावर जे खर्च करतं, त्यातलं बरंचसं एरवीही त्याच शहरात कुठेतरी खर्च झालं असतं. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबलिस्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्येच हे सविस्तर मांडलं होतं. अर्थतज्ज्ञांचं सहसा कशावर जमत नाही, पण यावर बऱ्यापैकी जमलंय. तरी एक फरक लक्षात ठेवा. अमेरिकन फुटबॉलचं मैदान वर्षात मोजक्याच दिवशी भरतं, तर बास्केटबॉल आणि आइस हॉकीला प्रत्येकी चाळीसएक घरचे सामने असतात, वर कार्यक्रम वेगळे. त्यामुळे अरेना खाजगी पैशातून उभा राहणं तुलनेने सोपं. सॅन फ्रान्सिस्कोचा चेस सेंटर २०१९ मध्ये तसाच उभा राहिला.

रोख्यांची गंमतही माहीत असू द्या. स्टेडियमसाठी करमुक्त रोखे (ज्याच्या व्याजावर कर नाही असं सरकारी कर्ज) काढणं आवरायला अमेरिकेत १९८६ च्या करसुधारणा कायद्यात अट आली: खाजगी वापराच्या अशा बांधकामाच्या कर्जफेडीत त्याच्या उत्पन्नाचा वाटा १० टक्क्यांच्या वर गेला, तर करसवलत जाणार. उरलेला बोजा कुठलंच शहर स्वतःच्या करातून उचलणार नाही, असा हिशोब होता. शहरांनी उचलला. सवलत टिकवायची म्हणून मालकांकडून भाडं कमी घ्यायचं, असा उलटा खेळ त्यातून सुरू झाला.

पण खरं नुकसान भाडेकरारात लपलेलं असतं, आणि तो मतदाराच्या हातात क्वचितच पडतो. सेंट लुईसचं उदाहरण घ्या. तिथलं रॅम्स या फुटबॉल संघाचं डोम स्टेडियम १९९५ मध्ये सरकारी पैशातून झालं; निम्मा भार राज्यावर, उरलेला शहर आणि काउंटीवर (म्हणजे जिल्ह्यावर). करार ३० वर्षांचा. आत एक कलम होतं की २००५ आणि २०१५ मध्ये हे स्टेडियम लीगमधल्या पहिल्या २५ टक्क्यांत बसलं पाहिजे, नाहीतर संघाला एकेका वर्षाच्या कराराने राहायची, म्हणजे लवकर निघून जायची मुभा. म्हणजे इतर शहरांनी नवीन बांधलं की तुमचं आपोआप जुनं! २०१३ मध्ये लवादाने संघाची सुधारणेची मागणी उचलून धरली, तेवढा खर्च करायला स्थानिक यंत्रणेने नकार दिला, आणि २०१६ मध्ये रॅम्स लॉस एंजेलिसला गेले. कर्जाचे हप्ते त्यानंतरही चालूच होते. पुढे स्थानिक यंत्रणांनी लीग आणि संघावर केलेल्या दाव्यात ७९ कोटी डॉलरची तडजोड झाली, पण तो शहराच्या चतुराईचा भाग नव्हता.

सिनसिनाटीत १९९६ मध्ये लोकांनी अर्धा टक्का वाढीव विक्रीकर मंजूर केला. बदल्यात घरमालकांना मालमत्ता करात सूट कबूल झाली होती. पुढे ती सूट कापावी लागली. तिथल्या फुटबॉल संघाच्या करारात काउंटीने भविष्यात पुरवायच्या सोयींची यादी होती, आणि त्यात होलोग्राम रीप्लेसुद्धा! जे अजून कुणी बनवलंच नव्हतं, त्याचं बिल आधीच करदात्याच्या नावावर.

म्हणून मसुदा मागून चार गोष्टी शोधा. बांधकामाचा वाढीव खर्च कुणाच्या माथी आहे. मोठी दुरुस्ती कोण करणार. नामकरणाचे हक्क (स्टेडियमला कंपनीचं नाव देण्याचे) आणि पार्किंगचा पैसा कुणाला जाणार. आणि मुदतीआधी संघ गेला तर दंड किती. पहिल्या दोनांत नुसतं "काउंटी" लिहिलं असेल, तर जाहीर झालेल्या रकमेला काही अर्थ नाही.

"आम्ही निघून जाऊ" ही धमकी दरवेळी पोकळ नसते, हेही सांगतो. मिसूरीतल्या जॅक्सन काउंटीने एप्रिल २०२४ मध्ये स्टेडियमसाठीच्या विक्रीकराचा प्रस्ताव फेटाळला, आणि जूनमध्ये शेजारच्या कॅन्ससने स्टेडियम खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत रोखे देण्याचा कायदा केला. सिएटलने २००८ मध्ये बास्केटबॉलचा संघ गमावलाच. मात्र तिथलाच जुना अरेना पुढे खाजगी पैशातून नव्याने उभारला गेला, २०२१ मध्ये हॉकीसाठी उघडला, आणि मालकी शहराकडेच राहिली. थांबण्याची तयारी असेल तर असंही होतं.

संघाला प्रेमापोटी पैसा द्यायचा असेल तर खुशाल द्या, उद्यानावर खर्च करतो तसा. फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नका. आणि करार मतदानानंतर ठरेल असं उत्तर आलं, तर तुमच्या जागी मी विरोधात मत देईन.