‘लंडन झू’मध्ये गाण्यागणिक आवाज बदलत असताना तो ‘द बग’चा अल्बम कसा मानायचा?

आपण विचारले आहे की २००८ साली निन्जा ट्यून या कंपनीने काढलेल्या ‘लंडन झू’ या अल्बमवर नाव ‘द बग’चे आहे, परंतु गातात मात्र दुसरेच लोक, तेव्हा त्याचा कर्ता नेमका कोण; आणि डब किंवा डान्सहॉल या जमैकन संगीतप्रकारांची ओळख नसलेल्या माणसाने तो ऐकायचा कसा.

‘द बग’ म्हणजे केविन मार्टिन हा इंग्रज संगीतकार. अल्बममध्ये बारा रचना आहेत, त्यांपैकी अकरांमध्ये गायन आहे, आणि त्यांतील एकाही गाण्यात मार्टिनचा आवाज नाही. टिपा आयरी, रिकी रँकिंग, वॉरियर क्वीन, फ्लोडॅन, किला पी, स्पेसएप, रॉजर रॉबिन्सन आणि एका गाण्यात आया, अशी ही मंडळी आहेत. चित्रपटगीतांवर वाढलेल्या आपल्याला, गायक बदलला तरी संगीतकार एकच असतो, हे काही नवीन नाही. मात्र आपल्याकडे संगीतकार चाल बांधतो आणि गायक ती गातो. इथे गायकाला चाल मिळतच नाही. त्याला मिळतो तो फक्त ठेका आणि बास, म्हणजे जमैकात ज्याला ‘रिडिम’ म्हणतात ते. शब्द त्याचे, लय तोडण्याची रीत त्याची, आणि चाल म्हणण्यासारखे जे काही असेल तेही बहुतांशी त्याचेच.

ही विभागणी मार्टिनने शोधून काढलेली नाही. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचा बिनगायनाचा अवतार देण्याची प्रथा रुजली. साउंड सिस्टिमवर, म्हणजे रस्त्यावर किंवा मोकळ्या अंगणात उभारलेल्या प्रचंड स्पीकरच्या संचावर, तो अवतार लावायचा आणि माणसाने मायक्रोफोन घेऊन त्यावर बोलायचे. रेकॉर्ड लावणारा तो सिलेक्टर आणि बोलणारा तो डीजे. यू-रॉय या डीजेने १९७० मध्ये अशाच बोलण्याच्या रेकॉर्ड काढून जमैकातल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वरच्या जागा पटकावल्या. त्याच सुमारास किंग टबी हा ट्रान्सफॉर्मर आणि रेडिओ दुरुस्त करणारा तंत्रज्ञ आपल्या राहत्या घरातल्या छोट्या स्टुडिओत, एका जुन्या मिक्सरवर, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर, ध्वनिमुद्रित गाण्यातून एकेक वाद्य काढून टाकत होता आणि परत आणत होता. त्या मिक्सरवर खालचे स्वर कापत नेणारी एक मोठी घुंडी होती. ती फिरवत गेले की ढोलाचा आवाज पातळ होत होत नुसती चरचर उरायची, आणि सोडली की बास धाडकन परत यायचा. डब म्हणतात ते हेच. गाणे आधीच झालेले असते, रचना होते ती मिक्सरवर, आणि म्हणून मिक्सर चालवणारा हाच कर्ता ठरतो.

डान्सहॉल ही त्याच घराची पुढची पिढी. १९८५ मध्ये किंग जॅमी या निर्मात्याने वेन स्मिथच्या आवाजात ‘अंडर मी स्लेंग टेंग’ काढले. त्याचा ठेका कॅसिओच्या एमटी-४० या स्वस्त कीबोर्डमध्ये कंपनीनेच भरून दिलेला होता. वादकांचा संच लागेनासा झाला, यंत्राचा कोरडा ठेका पुरेसा ठरला, आणि त्याच एका रिडिमवर पाहता पाहता असंख्य गायकांनी आपापली गाणी केली. रिडिम एकाचा, आवाज अनेकांचे, ही पद्धत तिथे इतकी रुळलेली आहे की ‘लंडन झू’मधल्या गायकांना पाहुणे म्हणणे मला थोडेसे चुकीचेच वाटते. ते घरचेच आहेत. बाहेरून आत कोणी आला असेल तर तो मार्टिन.

तो ज्या दिशेने आला, त्यातच या अल्बमचे वेगळेपण आहे. नव्वदच्या दशकात तो ‘गॉड’ आणि जस्टिन ब्रॉड्रिकसोबतच्या ‘टेक्नो अ‍ॅनिमल’ या संचांतून गोंगाटाचे, कानठळ्या बसवणारे संगीत करत होता. १९९५ मध्ये व्हर्जिन या कंपनीसाठी त्याने ‘मॅक्रो डब इन्फेक्शन’ हा संग्रहही निवडला. त्यामुळे त्याचा बास जमैकन बाससारखा गोल आणि ऊबदार नाही. तो फाटलेला आहे, मुद्दाम फाडलेला आहे. ‘पॉयझन डार्ट’मध्ये वॉरियर क्वीनच्या आवाजाखाली जो बास गुरगुरतो, तो स्पीकर बिघडला की काय अशी शंका यावी इतका खरखरीत आहे, आणि तरीही तिचा एकही शब्द त्यात बुडत नाही. बासची सगळी घाण तळाशी आणि कडांना ठेवलेली आहे. माणसाचा आवाज जिथे ऐकू येतो तो मधला पट्टा मार्टिनने जवळजवळ रिकामा सोडला आहे.

‘स्केंग’ नीट ऐकले की त्याची कारागिरी हाताला लागते. हे गाणे आधी २००७ मध्ये हायपरडब या कंपनीने स्वतंत्रपणे काढले होते. त्या सुमारास लंडनमध्ये डबस्टेप या बासप्रधान नृत्यसंगीताचा जोर होता, आणि त्याचीच अर्ध्या गतीची संथ लय इथे आहे: खाली लांबत जाणारा बास, मोजके ठोके, बाकी फारसे काही नाही. फ्लोडॅनचा आवाज मुळातच इतका खर्जातला आहे की तो बासचाच एक भाग वाटावा. त्याच्याशेजारी किला पीचा चढा, किंचित नाकातला आवाज आला की पोकळीची वरची बाजूही आखली जाते. या दोन आवाजांच्या मध्ये मार्टिनने एखादी धून घातली असती, तर गाणे मेले असते. असे न घालण्याचे निर्णय अल्बमभर आहेत, आणि कर्ता कोण या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर तेच आहे: कोणत्या आवाजासाठी किती जागा मोकळी ठेवायची, हे ज्याने ठरवले तो.

‘यू अँड मी’ हे याचे दुसरे टोक. रॉजर रॉबिन्सन हा त्रिनिदादी कुटुंबातला कवी आहे, पुढे त्याला २०१९चा टी. एस. एलियट पुरस्कारही मिळाला. तो इथे ओरडत नाही, कुजबुजल्यासारखे गातो, आणि रिडिमही पाय न वाजवता मागे राहतो. टिपा आयरी हा सॅक्सन या दक्षिण लंडनच्या साउंड सिस्टिमवर ऐंशीच्या दशकात तयार झालेला डीजे. ‘अँग्री’मध्ये तो आपल्या रागाची कारणे भराभर मोजत जातो, तेव्हा खालचा ठेकाही तितकाच घाईत असतो. अल्बमचा मधला भाग मात्र मला जड जातो. सारखा संताप ऐकून कान थकतात, आणि ‘फ्रीक फ्रीक’ ही एकमेव बिनगायनाची रचना नेमकी सर्वांत कमकुवत आहे. माणसाचा आवाज काढून घेतला की मार्टिनच्या मोकळ्या जागा नुसत्या मोकळ्या राहतात.

आता ऐकायचे कसे. फोनच्या स्पीकरवर ऐकू नये. शंभर हर्ट्झच्या खालचे स्वर त्यातून जवळजवळ येतच नाहीत, आणि या अल्बमचा निम्मा जीव तिथेच आहे. बरे हेडफोन चालतील, सबवूफर असेल तर उत्तम. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीमुळे छातीत धडधडणारा बास आपल्याला परका नाही. तिथे वरचे स्वरही तेवढेच कर्कश असल्यामुळे कानात काहीच उरत नाही, चांगल्या साउंड सिस्टिमवर मात्र अंग थरथरत असताना गायकाचा श्वासही ऐकू येतो. गोव्यात २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘गोवा सनस्प्लॅश’ या रेगे महोत्सवात ज्यांनी हा अनुभव घेतला असेल, त्यांना माझे म्हणणे लगेच पटेल.

बारा रचना सलग ऐकण्याचा आग्रह धरू नका. ‘स्केंग’, मग ‘पॉयझन डार्ट’, मग ‘यू अँड मी’ या क्रमाने सुरुवात करा. शब्द पहिल्या फेरीत कळणार नाहीत. पात्वा ही जमैकातली बोलभाषा आणि लंडनची बोली यांची ती सरमिसळ आहे, आणि पहिल्यांदा आवाजाकडे वाद्य म्हणून पाहिले तरी काही बिघडत नाही. आवडले तर मार्टिनचाच २००३चा ‘प्रेशर’ घ्या, आणि रॉबिन्सनचा आवाज मनात राहिला असेल तर त्या दोघांनी किकी हितोमी या गायिकेसोबत ‘किंग मिडास साउंड’ या नावाने २००९ मध्ये केलेला ‘वेटिंग फॉर यू’. हा सगळा खरखराट नकोच असेल, तर बर्लिनच्या ‘रिदम अँड साउंड’ या जोडीचा २००३चा ‘विथ द आर्टिस्ट्स’ ऐका. तिथेही गाण्यागणिक आवाज बदलतो, पण बास मऊ आहे, राग नाही. शिवाय त्याच रिडिमचे बिनगायनाचे अवतार ‘द व्हर्जन्स’ या जोड-अल्बममध्ये आहेत, तेव्हा एकच रचना आवाजासह आणि आवाजाविना अशी पाठोपाठ लावून आपल्याला स्वतःच तपासून पाहता येईल.