राज्यच नाही, तर राज्यपाल कुठला?

प्रश्न असा आहे: आर्थर सेंट क्लेअर या अमेरिकन ‘टेरिटोरियल गव्हर्नर’विषयी मराठीत लिहिताना त्याला ‘राज्यपाल’ म्हणावे का?

मी म्हणणार नाही. त्याच्याकडे सोपवलेला ओहायो नदीच्या उत्तरेकडचा मुलूख, म्हणजे ‘नॉर्थवेस्ट टेरिटरी’, १७८७च्या कायद्याने थेट काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ताब्यात होता. तिथे राज्यच नव्हते. हा कायदा झाला तेव्हा काँग्रेसचा अध्यक्ष होता खुद्द सेंट क्लेअर, आणि पहिला गव्हर्नर म्हणून नेमणूकही त्याचीच झाली. १७८८मध्ये तो त्या मुलखातल्या मेरिएटाला पोचला. तीन न्यायाधीशांना सोबत घेऊन कायदे लागू करायचे, दंडाधिकारी नेमायचे, फौजेवर हुकूमत चालवायची, हे सगळे त्याच्याकडे. पाच हजार प्रौढ स्वतंत्र पुरुष झाले की निवडून आलेली विधानसभा मिळे, पण तिचे कोणतेही विधेयक तो कायमचे अडवू शके. आपला राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, याला मंत्रिमंडळच नव्हते.

‘नायब राज्यपाल’ सुचवले गेले आहे. गोवेकरांना ते जवळचे वाटेल, कारण ३० मे १९८७ला राज्य होईपर्यंत त्यांच्याकडे नायब राज्यपालच होते. पण नायब म्हणजे दुय्यम, आणि इथे त्याच्यावर दुसरा गव्हर्नर नव्हता.

‘सुभेदार’चा मोह मलाही झाला. वरून नेमलेला, मुलकी कारभार पाहणारा, वेळ पडली तर फौज घेऊन निघणारा. सेंट क्लेअर निघालाही. ४ नोव्हेंबर १७९१ रोजी वाबाश नदीकाठी लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट या मूळनिवासी सरदारांच्या योद्ध्यांनी त्याची छावणी उधळली, सहाशेहून अधिक सैनिक मारले गेले. पण सुभेदार म्हटले की वाचकाला मल्हारराव होळकर तरी आठवणार, नाहीतर आजच्या लष्करातला हुद्दा.

राज्यपाल न म्हणण्याचे सर्वांत गमतीचे कारण वेगळेच आहे. ओहायोला राज्याचा दर्जा देण्याच्या हालचालींना त्याचाच विरोध होता. १७८७च्या कायद्यात राज्य होण्यासाठी साठ हजार वस्तीची अट होती. १८०२मध्ये घटना-परिषदेपुढे त्याने ओहायोला राज्य होण्याची वाट मोकळी करणाऱ्या काँग्रेसच्या नव्या कायद्यावरच तोंडसुख घेतले आणि राष्ट्राध्यक्ष जेफरसनने त्याला घरी बसवले. राज्याला विरोध करण्यापायी ज्याची नोकरी गेली, त्याला राज्यपाल म्हणायचे?

तेव्हा सरळ ‘वायव्य प्रदेशाचा गव्हर्नर’ लिहावे. ‘वायव्य प्रांत’ नको, सरहद्द गांधी मध्ये येतील. १८०३मध्ये ओहायो राज्य झाल्यावर आलेला एडवर्ड टिफिन (हो, आडनाव हेच) मात्र लोकांनी निवडलेला. त्याला राज्यपाल म्हणता येईल, पण कामाच्या दृष्टीने पाहिले तर तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या अधिक जवळ जातो.