शाळेतलं इमर्जन्सी किट प्रत्येकाचं वेगळं की सगळ्यांचं मिळून एक?

प्रश्न: नमस्कार ताई, माझा मुलगा पुण्यात धनकवडीतल्या एका शाळेत दुसरीत आहे. मागच्या पावसाळ्यात एक दिवस एवढा पाऊस पडला की स्कूल व्हॅन सगळ्या रस्त्यात अडकल्या, मुलं संध्याकाळपर्यंत शाळेतच, त्यात लाईट गेली म्हणून वॉटर प्युरिफायर बंद. आता वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चाललंय की प्रत्येक पालकाने आपल्या मुलाच्या नावाचा पाऊच द्यायचा, बिस्किटं, पाणी, टॉर्च, तापाची गोळी असं घालून. काहीजण म्हणतात शाळेत सगळ्यांचं मिळून एकच ठेवा. काय करावं? आणि ठेवायचं तर किती? (एक आई, धनकवडी)

उत्तर: सगळ्यांचं मिळून एकच ठेवा, यात मला अजिबात शंका नाही. पाऊच नावाचे केले की एकाच्या पाऊचमध्ये ड्रायफ्रूट आणि भारी चॉकलेट निघणार, शेजारच्याच्या पाऊचमध्ये पारलेचा छोटा पुडा, आणि एखाद्याचा पाऊच आलेलाच नसणार कारण त्या घरी तेव्हा जमलं नाही. मुलं आधीच घाबरलेली असतात, आई कधी येणार विचारत असतात, अशा वेळी हा फरक त्यांच्यासमोर उघडायचा कशाला? शिवाय पन्नास पाऊच तपासणार कोण, कुठल्या बिस्किटाची तारीख गेली, कुठली बाटली गळली? एकच साठा असला की एकच माणूस बघू शकतो.

आता काय ठेवायचं ते आपल्या पुण्यात खरं काय होतं त्यावरून ठरवा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत पाणी घरांत शिरलं, 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत तळमजले भरले. दर पावसाळ्यात मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीकाठचा रस्ता बंद होतो आणि उरलेल्या पुलांवर गाड्या तुंबतात. म्हणजे आपल्याकडे मुलांवर येणारी सगळ्यात नेहमीची वेळ ही आहे की शाळा सुटली, पण घरी न्यायला कोणी पोचू शकत नाही. पाच-सहा तास धरून चाला. दोन गोष्टी लगेच कळतात, एक म्हणजे साठा तळमजल्यावर ठेवायचा नाही, पहिल्या मजल्यावर ठेवायचा, आणि जिन्याखाली तर मुळीच नाही. 2004 साली तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली, 94 मुलं गेली, तिथे बाहेर पडायला अरुंद जिना होता हे विसरू नका. आपण मुलांसाठी आणलेल्या सामानानेच त्यांची वाट अडली असं व्हायला नको.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एका मुलाला सहा तासांना अर्धा लिटर प्यायला धरलं तर 400 मुलांना 200 लिटर, म्हणजे वीस लिटरचे दहा जार. उन्हाळ्यात दुप्पट धरा. पण जार सीलबंद आणि तारीख छापलेले घ्या, रोज टेम्पोतून येणारे सुट्टे जार साठवायला कामाचे नाहीत. जानेवारी 2025 मध्ये नांदेडगाव, किरकटवाडी, सिंहगड रोड भागात जीबीएसचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) पेशंट वाढले तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखवलं गेलं, तेव्हापासून पुण्यातल्या पालकांना पाण्याबद्दल वेगळं सांगायची गरज उरलेली नाही. टाकीचं पाणी वापरायची वेळ आलीच तर मेडिक्लोरची (पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या औषधाची) बाटली असू द्या, प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेच घ्यायचं आणि अर्धा तास थांबायचं. आणि हो, स्टीलचे ग्लास ठेवा, नाहीतर जार आहे पण प्यायचं कशाने असं होतं.

खायला मी राजगिऱ्याचे लाडू सांगते. सगळ्यांना चालतात, उपवासाला चालतात, जैन मुलांनाही चालतात, गहू नाही, फक्त पाकिटावर शेंगदाणा आहे का ते वाचून घ्या कारण शेंगदाण्याची अॅलर्जी असलेलं एखादं मूल असू शकतं. शेंगदाणा चिक्की आणि फुटाणे पूर्ण टाळा, फुटाणे नर्सरीच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. खजूर बिया काढलेलेच आणि छोट्यांना बारीक तुकडे करून.

फर्स्ट एडमध्ये गॉज, रोलर बँडेज, तिकोनी पट्टी, मायक्रोपोर टेप, बीटाडीन, ग्लोव्हज, कात्री, थर्मामीटर आणि ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्धं पाकीट एका ग्लासात वगैरे नाही, आणि ते पाणी 24 तासांनी टाकून द्यायचं. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलंच घ्या. तापाची गोळी मात्र या कॉमन पेटीत नको. मुलांचा डोस वजनावर असतो, घाईत अंदाजे दिला जातो, आणि अॅस्पिरिन तर मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायचीच नाही. भाजलं तर पहिली वीस मिनिटं वाहतं गार पाणी, टूथपेस्ट किंवा हळद लावायची नाही, हे पेटीच्या झाकणावर आतून लिहून चिकटवून टाका.

आणि आता जे सगळेच विसरतात ते. पहिली-दुसरीची मुलं घाबरली की चड्डी ओली होते. मग ते मूल भिंतीला पाठ लावून उभं राहतं, कोणाला सांगत नाही, पाणी दिलं तरी पीत नाही कारण परत लागेल ही भीती. त्यांच्यासाठी वेगवेगळ्या मापांच्या दहा-पंधरा चड्ड्या आणि इलास्टिकच्या पँट, जुन्या पण धुतलेल्या, एका पिशवीत ठेवा. मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड, आणि त्या मुलींना नक्की कुठे ठेवलेत ते आधी सांगून ठेवा, त्या वेळी विचारायला लाजतात. बादल्या-मग, टॉयलेटसाठी वेगळं पाणी, सतरंज्या, दोन चांगल्या टॉर्च सेलसकट, शिट्टी, पॉवर बँक. दोरी, ताडपत्री, पत्र्याची ट्रंक हे रविवार पेठेतल्या बोहरी आळीत घाऊक भावात मिळून जातं, वर्गावर्गांनी मिळून एकदाच जा.

सगळ्यात मोलाची वस्तू मात्र फुकटची आहे. प्रत्येक वर्गाची यादी, कागदावर, प्लास्टिक कव्हरमध्ये, त्यात मुलाचं नाव, दोन पालकांचे नंबर, एक पुण्याबाहेरच्या नातेवाईकाचा नंबर आणि मुलाला कोणाकोणाच्या ताब्यात द्यायचं त्यांची नावं. गर्दीत कोणीतरी काका म्हणून आला आणि पोराला घेऊन गेला असं कधीच होऊ देऊ नका, सही घेतल्याशिवाय मूल सोडायचं नाही. नेटवर्क जाम झालं की फोन लागत नाहीत पण एसएमएस बऱ्याचदा जातो, तोच करा. 112 आणि रुग्णवाहिकेचा 108 हे नंबर पेटीवर मोठ्या अक्षरात लिहा.

प्रश्न: माझ्या मुलीला दमा आहे. तिचा इनहेलर या कॉमन पेटीत ठेवला तर चालेल का? (एक बाबा, कोथरूड)

उत्तर: नको. ज्या मुलाचं औषध मिनिटांत लागतं ते वर्गातच, बाईंच्या हाताशी, मुलाच्या नावाच्या पिशवीत हवं, पहिल्या मजल्यावरच्या कुलूपबंद ट्रंकेत नाही. इनहेलरबरोबर स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) द्या, लहान मुलांना स्पेसरशिवाय औषध नीट छातीत जात नाही. डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून आणा, किती पफ, किती वेळाने, कधी हॉस्पिटलला न्यायचं, आणि वर्गशिक्षिकेला एकदा समोर बसवून दाखवा. फिट येणाऱ्या मुलांच्या स्प्रेचं आणि मधुमेह असलेल्या मुलांच्या ग्लुकोजचंही असंच. कॉमन फक्त ते, जे कोणालाही देऊन चालतं.

प्रश्न: मी येरवड्याजवळच्या महापालिकेच्या शाळेत शिकवते. आमच्या पालकांकडे पैसे मागणं बरं वाटत नाही, बहुतेक रोजंदारीवर जातात. मग हे सगळं कुठून आणायचं? (एक शिक्षिका)

उत्तर: बाई, तुम्ही मागूच नका, आणि पाच रुपये तरी द्या असंही म्हणू नका. जो देतो त्याच्या मुलाचं आणि जो देत नाही त्याच्या मुलाचं अशी कुजबुज तिथूनच सुरू होते. आधी फुकटचं करा, फोनची यादी आणि कोणाच्या ताब्यात द्यायचं ते. मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या, शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, ठराव लिहून महापालिकेकडे पाठवा. आणि तुमच्या भागातल्या गणेश मंडळाला विचारा, पैसे नका मागू, वस्तू मागा. त्यांच्याकडे ताडपत्री, जनरेटर, लाऊडस्पीकर, सतरंज्या सगळं असतं आणि गणपती सोडून बाकी वर्षभर पडून असतं. मेडिकलवाल्याकडे ओआरएस आणि गॉज मागा, तो नाही म्हणायचा नाही. पालकांना वाटा द्यायचाच असेल तर कामाचा द्या, जार वर चढवायला, चड्ड्या शिवायला, यादी लिहायला, आणि ते मनापासून येतात.

प्रश्न: आमच्याकडे पेटी आहे पण किल्ली शिपाईकाकांकडे असते आणि आतलं सगळं एक्स्पायर झालंय. (पालक संघाची एक सदस्य, हडपसर)

उत्तर: किल्ली तीन ठिकाणी ठेवा, ऑफिसात, पहिल्या मजल्यावरच्या एका वर्गशिक्षिकेकडे आणि शिपाईकाकांकडे. शक्य असेल तर कुलूपच नको, प्लास्टिकचं सील लावा, ओढलं की तुटतं आणि कोणी उघडलं तेही कळतं. खाऊ वाया जाऊ नये म्हणून 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला मुलांना बाहेरून आणलेला खाऊ वाटण्याऐवजी पेटीतले लाडू वाटा आणि त्याच आठवड्यात नवे भरा. जार त्यावर छापलेली तारीख संपायच्या आत बदला, जुन्या पाण्याने झाडं जगतील. टॉर्चचे सेल काढून वेगळे ठेवा, आत ठेवले की ते पाझरतात आणि टॉर्च कायमची जाते. झाकणावर महिना आणि तपासणाऱ्याचं नाव लिहा, समितीचं नाव नाही, एका माणसाचं.