विहिरीत लागलेला तांबूस दगड

प्रश्न : शेतात विहीर खणताना काळ्या मातीखाली पिवळट-तांबूस, थराथरांचा दगड लागला. चोळला की रेती सुटते. कुणी मुरूम म्हणतो, कुणी रेतीचा दगड. ओळखायचा कसा? घराच्या जोत्याला चालेल का?
– एक वाचक, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : वर्णनावरून हा वालुकाश्म, म्हणजे रेतीचाच दगड दिसतो. वणी ते चंद्रपूर हा वर्धा खोऱ्यातला पट्टा गोंडवन खडकांचा, म्हणजे जुन्या नद्यांनी साचवलेल्या रेती-गाळाच्या थरांचा. तिथला कोळसाही याच थरांतला. आपल्याकडचा मुरूम बहुधा काळ्या पत्थराचा कुजून झालेला असतो, त्यात अशी सुटी रेती सापडत नाही.

तुकडा ताजा फोडा. बाहेरचं कवच फसवतं. दहापटीच्या भिंगातून कण वेगवेगळे दिसले पाहिजेत, साधारण ०.०६ ते २ मिमीचे. सुटलेली रेती बाटलीच्या काचेवर दाबून घासा. ओरखडे उठले तर कण बहुधा गारगोटीचे आहेत. रंगावर मात्र जाऊ नका, कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ लेप बसला तरी अख्खा दगड तांबडा होतो.

जोत्याचा निर्णय कण कशानं चिकटलेत यावर करा. दोन-तीन तुकडे बादलीभर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी गढूळ आणि तळाशी रेती दिसली, तर कण चिकणमातीनं धरलेले आहेत. असा दगड जोत्यात नकोच. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दोन-चार वर्षांत ढलपे सुटू लागतात. तुकडे शाबूत राहिले, हातोडीखाली खणखणले आणि तडा कणांच्या कडेनं न जाता कणांतूनच गेला, तर माल चांगला. तरीही मिस्त्रीला बजावा : दगडाचे थर आडवेच बसले पाहिजेत. उभे लावले की पापुद्रे निघतात.

विहिरीला मात्र हा सैल दगड लाभाचा, कणांमधल्या पोकळीत पाणी साठतं. पण तेवढा भाग पावसाळ्यापूर्वी बांधून काढा, नाहीतर कडा ढासळून विहीर बुजेल.

प्रश्न : दगडात चुना आहे का, ते लिंबू पिळून कळेल का?
– एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : दगडावर नुसतं पिळून फारसं दिसणार नाही, लिंबाचा रस सौम्य असतो. आधी दगडाची पूड करा, मग रस टाकून भिंगातून बुडबुडे बघा. फरशी धुवायच्या ॲसिडचा एकच थेंब टाकला, तर चुना असल्यास लगेच फसफसतं. हातमोजे घाला, वाफ हुंगू नका.